स्लॅबखालचा माणूस

"गेल्या मंगळवारी सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत तुम्ही एका जागी उभे होता, काका," ऋत्विज बापट म्हणाला आणि हातातल्या लेझरचा तांबडा ठिपका टीव्हीवरच्या तांबड्या पट्टीवर फिरवू लागला. "पाच तास. मधूनमधून दहा-वीस पावलं, बस. काय करत होता?"

व्यंकट मिस्त्रींनी हेल्मेट काढून काखेत धरलं होतं. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, मग ऋत्विजकडे.

"ऐकायलो होतो," ते म्हणाले.

"काय ऐकत होता?"

"टेकू."

ऑफिसात हशा पिकला. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर सबनीस सगळ्यांत उशिरा हसले, पण सगळ्यांत जास्त वेळ हसले. साहेब लोकांचं असंच असतं, आधी कोण कोण हसतंय ते बघून घेतात. मी टीव्हीशेजारी रिमोट घेऊन उभी होते. मी हसले नाही, पण एक शब्दही बोलले नाही. त्या काळात मी एवढ्यालाच चांगुलपणा समजत असे.

"दुसरा लाल आठवडा आहे हा," सबनीस म्हणाले. "तिसरा आला की गेट बंद. नियम सगळ्यांना सारखा. काय आहेर मॅडम?"

"हो सर," मी म्हणाले.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. नाशिकला पाथर्डी फाट्याच्या अलीकडे आमच्या कंपनीची बारा मजली इमारत उभी राहत होती आणि मी, सुषमा आहेर, तिथली सेफ्टी ऑफिसर होते. वय एकतीस. डोक्यावर पांढरं हेल्मेट, गळ्यात शिट्टी, आणि साइटवर सगळं माझ्यामुळे सुरक्षित आहे असा गोड गैरसमज. व्यंकट पांचाळ हे सेंट्रिंगच्या सुतारांचे मिस्त्री, मुखेडकडचे. ज्या फळ्यांवर आणि लोखंडी प्लेटांवर स्लॅबचं काँक्रीट ओततात, त्या उभ्या करणं आणि खालून टेकू देणं हे त्यांच्या टोळीचं काम. बावीस वर्षं ते हेच करत होते.

त्यांच्या टोळीत एक रीत होती. स्लॅब भरताना वर पंधरावीस माणसं असतात, पंप असतो, आरडाओरडा असतो. तेव्हा टोळीतला सगळ्यांत जाणता माणूस खाली, टेकूंच्या रानात एकटा उभा राहायचा. त्याला खालचा माणूस म्हणत. तो फारसा हलायचा नाही. एखाद्या टेकूवर तळहात ठेवायचा, हातोडीनं हलकेच ठोकायचा, कान देऊन थांबायचा. वजन नीट उतरत असलं की टेकू टणक वाजतो. बुड खचलं, पाचर सुटली की तोच टेकू भद्द बोलतो. तसा बोलला की खालच्यानं लगेच जॅक आवळायचा. ते जमण्यासारखं नसेल तर रिकाम्या टेकूवर दणादण हातोडी हाणायची आणि वरच्यांनी हातातलं टाकून उतरायचं, कारण विचारायचं नाही. खालचा माणूस बाहेर आल्याशिवाय वरचं कुणी डबा उघडत नसे. व्यंकट मिस्त्रींच्या बावीस वर्षांत त्यांच्या स्लॅबखाली एकही माणूस गेला नव्हता.

टीव्हीवर मात्र ते आळशी होते.

तर हा टीव्ही. त्या बैठकीच्या पावणेदोन महिने आधी पुण्याहून ऋत्विज बापट नावाचा सत्तावीस वर्षांचा तज्ज्ञ आला. बांधकामाच्या साइटवर पांढरे बूट घालून येणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्यानं प्रत्येक कामगाराच्या कमरेला एक पट्टा बांधला, पट्ट्याला काड्यापेटीएवढी एक डबी. डबी सगळं सांगणार होती. माणूस कुठे आहे, किती चालला, किती वाकला, पडला का, पळाला का. धोक्याच्या जागी पाऊल टाकलं की डबी वाजणार. फार जण एकदम पळाले की ऑफिसात भोंगा. आणि माणूस हलला नाही की आधी पिवळा, मग लाल. आठवडाअखेर शंभरपैकी गुण.

"मॅडम, यापुढे तुम्हाला उन्हात फिरायची गरजच नाही," ऋत्विज मला म्हणाला होता. "सगळी साइट इथे बसून दिसेल."

उंटावरून शेळ्या हाकायचं याहून सोपं साधन जगात निघालं नसेल. पण खरं सांगायचं तर मला ते आवडलं. साइटवर माझं कुणी फारसं ऐकत नसे, टीव्ही आल्यापासून ऐकू लागले. मी कुणाकडे नुसतं बोट दाखवलं की माणूस हलायला लागायचा.

पहिल्या महिन्याचा निकाल लागला तेव्हा पहिला नंबर आला लक्ष्मणआप्पांचा, शंभरपैकी चौऱ्याण्णव. लक्ष्मणआप्पा आमच्या साइटवर चहा पोचवायचे. बारा मजले, दिवसातून तीन वेळा, हातात किटली. सबनीसांनी टाळ्यांच्या गजरात त्यांना स्टीलचा डबा बक्षीस दिला. दुसरा नंबर एका गवंड्याचा, त्यानं पट्टा काँक्रीटच्या मिक्सरला बांधून ठेवला होता हे मला नंतर कळलं. शेवटून पहिले व्यंकट मिस्त्री. त्यांच्या वरती सळया बांधणारे, कारण ते उकिडवे बसून काम करतात. एकूण काय, जो काम करी तो लाल आणि जो फिरे तो हिरवा. हे सगळ्या साइटला दिसत होतं, फक्त टीव्हीसमोर बसलेल्यांना दिसत नव्हतं.

त्या सोमवारच्या बैठकीनंतर सबनीसांनी मला थांबवून घेतलं.

"गुरुवारी इमारतीपुढच्या लॉबीचा स्लॅब. दुप्पट उंची आहे. हेड ऑफिसवरून दोघं टीव्हीवर लाइव्ह बघणार आहेत. स्लॅबखाली एक माणूस दिसता कामा नये. शून्य म्हणजे शून्य."

"सर, पांचाळांची पद्धत..."

"पुस्तकात काय लिहिलंय?"

पुस्तकात तेच लिहिलं होतं की भरणी चालू असताना खाली कुणी थांबू नये. पुस्तक चुकीचं नव्हतं. पण त्याच पुस्तकात असंही लिहिलं होतं की टेकू पक्क्या जमिनीवर उभे करावेत, भराव थराथरानं दाबून तपासावा, आणि भार मोजणारी यंत्रं लावावीत. त्यातलं काहीच झालं नव्हतं. लॉबीखालचा भराव दहा दिवसांपूर्वी ट्रकनं ओतून एकदा रोलर फिरवलेला होता. पुस्तकातलं फुकटात होणारं वाक्य तेवढं आम्ही पाळणार होतो. मी नोटीस लिहिली, शिक्का मारला आणि लॉबीच्या खांबावर चिकटवली.

बुधवारी दुपारी व्यंकट मिस्त्री त्या नोटिशीखालीच भेटले. त्यांनी ती वाचली होती.

"ताई, इकडं या जरा," ते म्हणाले आणि मला कोपऱ्यातल्या टेकूंपाशी घेऊन गेले. पहारीचं टोक त्यांनी भरावात दाबलं. ते वीतभर आत गेलं. "हे बगा. कच्चं हाय. खाली फळ्या टाकल्या मी, पण पंपाचं पाणी हिकडंच येणार. हा कोपरा उद्या बोलणार."

"मी साहेबांना सांगते."

"सांगा की. पन खाली मानूस पायजे."

"मिस्त्री, तुम्ही आत गेलात की डबी वाजेल. तिसरा लाल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

"मी तर जानारच," ते म्हणाले. रागानं नाही, उद्या बाजार आहे म्हणून सांगावं तसं. "वर अकरा जन हायेत माझे. त्यांना काय सांगू, डबी वाजती म्हून बाहेर बसलो?"

मी सबनीसांना सांगितलं. ते म्हणाले, पंप बुक आहे, काँक्रीटच्या गाड्या बुक आहेत, हेड ऑफिस बघणार आहे, आणि एका सुताराला जमिनीची स्वप्नं पडतात म्हणून मी स्लॅब पुढे ढकलू का? ऋत्विज शेजारीच होता. तो म्हणाला, पुढच्या आवृत्तीत टेकूलाही डब्या बसतील. आजचं दुखणं आणि पुढच्या आवृत्तीतलं औषध.

गुरुवारी सकाळी आठ वाजता पंप सुरू झाला. मी लॉबीशी पोचले तेव्हा अकराही जण वर चढले होते आणि व्यंकट मिस्त्री हातोडी घेऊन लाल फितीपाशी उभे होते. फितीपलीकडे पाऊल टाकलं की डबी वाजणार होती. त्यांचं एक पाऊल उचललेलं होतं.

मी विचार केला नाही, केला असता तर हिंमत झाली नसती. मी पुढे होऊन त्यांच्या कमरेच्या पट्ट्याची कडी काढली, पट्टा माझ्या कमरेला माझ्या पट्ट्याखाली बांधला आणि वरून जाकीट ओढलं.

"तुम्ही इथे नाही," मी म्हणाले. "तुम्ही माझ्याबरोबर राउंडला आहात."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि फितीखालून वाकून आत गेले. आत मीच जायला हवं होतं असं मला त्या क्षणी वाटलं नाही. मला वाटलं, मी मोठी हुशारी केली.

मग दिवसभर मी चालले. दोन माणसांची हाजिरी एका जोडी पायांनी भरायची तर चालावंच लागतं. पाचवा मजला, सातवा मजला, गोदाम, पाण्याची टाकी, परत ऑफिस. अकराच्या सुमारास ऑफिसात शिरले तर ऋत्विज खुशीत होता.

"मॅडम, पांचाळकाका बघा. एकदम हिरवे. दोन लाल आल्यावर माणूस कसा सुधारतो. आज तुमच्याबरोबर फिरतायत वाटतं?"

"हो," मी म्हणाले. "बाहेर उभे आहेत."

"याला म्हणतात वर्तनातला बदल," सबनीस म्हणाले. समोरच्या छोट्या पडद्यावर हेड ऑफिसचे दोन साहेब बसले होते. त्यांतला एक म्हणाला, व्हेरी गुड. लॉबीच्या चौकोनात मोठ्या आकड्यात शून्य झळकत होतं आणि ते चौघं त्याच्याकडे देव्हाऱ्याकडे पाहावं तसे पाहत होते.

अडीच वाजत आले तेव्हा मी ऑफिसच्या पायऱ्या चढत होते. स्लॅब संपत आला होता, शेवटचा कोपराच उरला होता. तेवढ्यात लॉबीतून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. दण, दण, दण, न थांबता. मी तो आवाज आधी कधीच ऐकला नव्हता, पण काय आहे ते मला लगेच कळलं.

वरच्यांनाही कळलं. अकरा माणसं हातातली फावडी, व्हायब्रेटरची नळी, सगळं टाकून शेजारच्या पक्क्या स्लॅबकडे पळाली. त्यांच्यातला तुळशीराम नावाचा सुतार सळयांत पाय अडकून पडला, उठला, पुन्हा पळाला. दणदण थांबली, आणि तिच्या जागी जॅक आवळण्याचा करकर आवाज आला. मला वाटतं, तुळशीराम पडल्याचं मिस्त्रींना खालून कळलं असणार, म्हणून तो निघेपर्यंत कोपरा धरून ठेवायला ते थांबले. त्यानंतर आठदहा सेकंदांनी कोपरा खाली बसला. मोठा स्फोट वगैरे काही नाही, नुसता एक जड, लांबलेला आवाज आणि धूळ. त्याच्यानंतर ऑफिसातला भोंगा वाजला. अकरा माणसं एकदम पळाली हे यंत्राच्या तेव्हा ध्यानात आलं.

ऋत्विज धावत बाहेर आला. "खाली कुणी नाही, शून्य आहे," तो ओरडला. मग मला बघून म्हणाला, "आणि पांचाळकाका सेफ आहेत मॅडम, तुमच्याजवळच दाखवतंय."

मी जाकिटाखाली हात घातला. डबी गरम झाली होती.

व्यंकट मिस्त्रींना त्यांच्याच टोळीनं पंधरा मिनिटांत बाहेर काढलं. ते शुद्धीवर होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तुळश्या हाय का. डावा पाय गुडघ्याखाली चेंदला होता, तो हॉस्पिटलात त्याच संध्याकाळी कापून टाकला.

आता पुढचं ऐका. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं मी ऐकून होते, इथे तर माणूस जिवंत होता. आठवड्याच्या आत ऋत्विजनं कंपनीच्या लोकांसमोर एक भाषण केलं. त्यात एक आलेख होता, अकरा ठिपके पंधरा सेकंदांत धोक्याबाहेर. वर मथळा, 'अकरा जीव वाचले'. कुणी वाचवले, तर प्रणालीनं. हातोडीचा आवाज आलेखात येत नाही. टाळ्या पडल्या, आणि कंपनीनं तीन नव्या साइटना डब्या घ्यायचं ठरवलं. त्याच दिवशी आठवड्याचे गुण लागले. पहिला नंबर व्यंकट पांचाळ, शंभरपैकी शहाण्णव. कुणी तपासलंसुद्धा नाही, यादी आपोआप नोटीस बोर्डावर लागली.

नंतर सबनीसांनी मला बोलावून एक कागद पुढे केला. त्यांनी तो फार काळजीनं लिहिला होता. 'सदर कामगाराने मनाई असूनही, आपला सुरक्षा पट्टा स्वतःहून काढून, प्रतिबंधित क्षेत्रात प्रवेश केला.' खाली मिस्त्रींची वेडीवाकडी सही होती. साक्षीदार म्हणून माझी सही व्हायची होती.

"त्यानं स्वतः सांगितलंय," सबनीस म्हणाले. "पट्टा काढून तुमच्या टेबलावर ठेवला, तुम्हाला माहीतही नव्हतं. टेबलावरून तुमच्या पिशवीत आला असेल. ठिपके जुळतात. अकरा वाजता तुम्ही काय म्हणालात ते मी विसरलो. तुम्ही सुटलात."

"आणि त्यांचं काय?"

"नियम मोडून आत गेला. भरपाईचा प्रश्न येत नाही. कंपनी माणुसकी म्हणून बघेल काहीतरी."

मी विचार करते म्हणून कागद तसाच ठेवला आणि ओळखीच्या एका वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "सुरक्षेचं साधन त्यानं स्वतःहून काढलं असेल तर कंपनी हात झटकणार. पण कंपनीच्या अधिकाऱ्यानं ते काढून घेतलं आणि त्याला खाली उभं राहायचा हुकूम दिला, असं अधिकाऱ्यानं लिहून दिलं, तर भरपाई चुकत नाही. अधिकाऱ्याची नोकरी मात्र जाईल. परत सेफ्टीत कुणी घेणार नाही."

"हुकूम दिला नव्हता. ते जाणारच होते. मी फक्त पट्टा काढला."

"नुसत्या पट्ट्यानं भागणार नाही," त्या म्हणाल्या. "हुकूम लागेल."

संध्याकाळी मी हॉस्पिटलात गेले. मिस्त्रींच्या पत्नी, पद्मिनबाई, खाटेशी बसल्या होत्या. मी विचारलं, असं का लिहून दिलंत.

"त्यात काय," मिस्त्री म्हणाले. "माझा पाय गेला तो गेला. तुमची नोकरी कशाला घालवायची? तुमी तर माझ्यासाटी चालल्या दिवसभर. पाय दुखले असतील."

ते चेष्टा करत नव्हते. मला तोंड वर करता आलं नाही. पद्मिनबाई मात्र माझ्याकडे सरळ बघत होत्या. "दोन पोरी हायेत शाळंत," त्या म्हणाल्या. "ह्यांचा जीव मोठा हाय. घर त्याच्यावर चालत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी सबनीसांचा कागद फाडून त्यांच्याच टेबलावर ठेवला आणि पट्टा मी काढला, हुकूमही मीच दिला असा माझा जबाब लिहिला, एक प्रत हेड ऑफिसला आणि एक कामगार कार्यालयाला. सबनीसांनी आधी तुकडे गोळा करून टोपलीत टाकले. मग म्हणाले, "मला वाटलं होतं तुम्ही शहाण्या आहात." मी म्हणाले, "सर, दोन माणसं एका जोडी पायांनी चालत होती आणि तुम्ही तिघं साहेब ते बघून व्हेरी गुड म्हणत होता. शहाणपणाचं आपण नको बोलायला." एवढं एक वाक्य मी त्या नोकरीत मनासारखं बोलले. दुपारी त्यांनी माझं ओळखपत्र काढून घेतलं.

कंपनी घाबरली. प्रकरण वाढायच्या आत मिटवायचं म्हणून त्यांच्या वकिलानं महिन्याभरात तडजोडीचा कागद तयार केला. भरपाई पूर्ण, पोरींच्या शिक्षणाचं वेगळं. फक्त मिस्त्रींनी माझा जबाब मान्य आहे म्हणून सही करायची. तो कागद मीच घेऊन गेले. तोवर ते पाथर्डी गावातल्या खोलीवर आले होते. तिकडे जाताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता, तोही थोडाथोडका नाही. आजवर मी सबनीसांना हसले, ऋत्विजच्या पांढऱ्या बुटांना हसले, पण त्या दिवशी रस्त्यानं मान ताठ करून चाललेल्या माझ्याइतकं हास्यास्पद कुणी नव्हतं.

मिस्त्री दारात खुर्चीवर बसले होते. त्यांनी कागद हातात घेतला आणि परत माझ्याकडे दिला. "बारीक अक्षर हाय. वाचून दाखवा."

मी वाचलं. "'सेफ्टी ऑफिसर सुषमा आहेर यांनी माझा पट्टा काढून घेतला व मला स्लॅबखाली उभे राहण्याचा आदेश दिला. सदर आदेशावरून, माझी इच्छा नसताना, मी तेथे उभा राहिलो.'"

"परत वाचा."

मी परत वाचलं. या वेळी माझा आवाज मलाच नको वाटला.

"माझी इच्छा नसताना," ते म्हणाले.

"तसं लिहावं लागतं, मिस्त्री. नाहीतर पैसे मिळत नाहीत."

"बावीस वर्सं खाली उबा राह्यलो. कुनी सांगितलं म्हून एक दिवस न्हाई." ते थांबले. "आता तुळश्याला, त्याच्या पोरांना, सगळ्यांना हेच कळनार. पांचाळ बाईच्या हुकमानं आत गेला, भेत भेत."

"त्यांना खरं माहीत आहे."

"आज हाय. पुडं कागद राहतो, ताई. मानूस राहत न्हाई."

 त्यांनी पाय दिला होता, माझी नोकरी वाचावी म्हणून सगळा दोषही स्वतःवर घेतला होता, आणि त्यांच्याजवळ एक गोष्ट उरली होती, की ते आपण होऊन गेले. ती मी वकिलाच्या भाषेत काढून घ्यायला आले होते, वर उपकार केल्यासारखं तोंड करून.

पद्मिनबाई आतून आल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातात पेन दिलं आणि शेजारी उभ्या राहिल्या. धाकटी पोर ओट्यावर अभ्यास करत बसली होती. मिस्त्रींनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग कागद मांडीवर घेतला आणि बोटानं सहीची जागा शोधली.

"खोटं हाय हे," ते म्हणाले, आणि सही केली.